सदाआण्णांची बटनाची गोफण

सदाआण्णांच्या दाराला चार बटनं आहेत, आणि त्यातलं कुठलं दाबायचं हे ठाऊक नसलेला माणूस भिजल्याशिवाय आत येत नाही. एका बटनावर पोपट रंगवलाय, दुसऱ्यावर जास्वंद, तिसऱ्यावर चंद्र आणि चौथ्यावर मासा. चारांत मासा सगळ्यात देखणा, खवल्याखवल्याला वेगळी छटा. त्यामुळे नव्या माणसाचं बोट आपसूक माशाकडे जातं आणि दारावर टांगलेल्या कुंड्यांना पाणी सुटतं. गॅसवाला भिजला, मतदारयादी तपासायला आलेल्या बाई भिजल्या. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले माझे चुलत सासरे मजला चुकून वर गेले, तर तेही पत्रिकेसकट भिजून खाली आले.

मी म्हटलं, "आण्णा, निदान बटनाखाली ‘बेल’ असं लिहा की."

"चित्रावर अक्षर आलं की शेडिंग बिघडतंय," आण्णा म्हणाले. "आनी लिहायचं कशाला? पोपट बोलतोय, म्हणून पोपट म्हंजे बेल. जास्वंद उमलतीय, म्हणून जास्वंद दाबली की दार उघडतंय. चंद्र म्हंजे जिन्यातला दिवा. मासा कुठं असतोय? पाण्यात. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

न कळण्यासारखं खरंच काही नव्हतं. चूक माझ्या चुलत सासऱ्यांचीच होती.

आण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ही दोन मजल्यांची इमारत, खाली आम्ही, वर आण्णा आणि मालनकाकी, आणि त्याच्यावर दोघांच्या सामाईक मालकीची गच्ची. ही गच्ची पुढे भांडणाला कारण झाली म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मी एका दूध संस्थेच्या ऑफिसात नोकरी करते. आण्णा आयुष्यभर शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. आता सत्तरी ओलांडली, तरी कानावरची पेन्सिल गेली नाही. अंगात मोठ्या खिशांचा पांढरा नेहरू शर्ट. बोलता बोलता समोरचा माणूस कंटाळवाणा वाटायला लागला की ते एक डोळा मिटतात, पेन्सिल हातभर लांब धरतात आणि त्याचं नाक मोजतात. माझं नाक त्यांनी पुष्कळदा मोजलंय.

या माणसाचे वडील तालमीतले नावाजलेले पैलवान. आमच्या पेठेत बळाला मान, आणि अशा घरात हे काटकुळं पोर जन्माला आलं. आखाड्यात उतरवलं तर तांबडी माती अंगाला लावून घ्यायच्या ऐवजी ते तिच्यात बोटानं मोर काढत बसायचं. वडिलांनी दूध-तूप ओतून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. आण्णांनी मात्र तो राग आयुष्यभर धरला. कुठलीही गोष्ट हातानं ओढायची, ढकलायची, पिळायची म्हटली की त्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. "बळाचं काम न्हाय हे," ते म्हणतात, "बटनाचं हाय."

बटनांचा नाद लागला तो निवृत्तीनंतर, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. वायरिंग ते शिकले, पण शिकले ड्रॉइंग मास्तरसारखे. वायर कुठून कुठे जाते यापेक्षा ती शेजारच्या वायरीला शोभते का, हे ते आधी बघतात. लाल वायरीशेजारी काळी म्हणजे त्यांना डोळ्यात खुपते. इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "मोरपंखी वायर हाय का, जरा फिक्कट?" असं विचारणारा कोल्हापुरातला हा एकमेव माणूस असावा. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "आण्णा, वायर हाय ही, पैठणी न्हाय." आण्णांनी त्याचं नाक मोजलं आणि दुसरं दुकान धरलं.

परिणाम व्हायचा तोच झाला. देवघरात आपोआप घंटा वाजावी म्हणून त्यांनी एक यंत्र बसवलं. रंगसंगती अप्रतिम, पण घंटा वाजायची ती फ्रीज उघडला की. मालनकाकी दही काढायला गेल्या की देवघरात घणघण सुरू व्हायचं. काकी एका हातात दह्याचं भांडं धरून दुसरा हात कपाळाला लावायच्या आणि म्हणायच्या, "देवा, भाकरी खाऊन येतो, मग बघू."

आता या काकींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठी झालं.

मालनकाकी हातकणंगल्याकडच्या शेतकऱ्याच्या लेक. आण्णांच्या अगदी उलट. धिप्पाड बाई, आवाज असा की गॅलरीतून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला भाजीवाला गाडा वळवायचा. नवऱ्याच्या बटनांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बटन चाललं नाही की काकी पदर खोचून यायच्या आणि जे उघडायचं असेल ते उघडून द्यायच्या. आण्णा मग दोन दिवस रुसायचे.

आणि चैत्रात तर काकींचं राज्य. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. त्याआधी आमच्या गल्लीची सासनकाठी डोंगराकडे निघते. उंचच उंच वेळू, वर ध्वज आणि तुरा, चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेली माणसं, आणि मधे एकजण ती काठी पोटाशी तोलून हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. काठी दारादारांत थांबते. बायका काठी धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात, दवणा वाहतात आणि गुलाल-खोबरं उधळतात. आमच्यासारख्यांचा गुलाल काठी धरणाऱ्याच्या डोक्यापर्यंत जातो आणि आमच्याच डोळ्यांत परत येतो. काकी मात्र गॅलरीत उभ्या राहून उजवा हात असा फिरवायच्या की गुलाल थेट वरच्या तुऱ्याला लागायचा. खाली सगळी गल्ली "चांगभलं" म्हणून ओरडायची. काठी धरणारे आमच्या दारात जरा जास्तच वेळ नाचायचे ते काकींसाठी, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग काकींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. बोलणं हळूहळू परत आलं, पायही काठीच्या आधारानं चालायला लागला, पण उजवा हात काही उठला नाही. तो मांडीवर पडलेला असायचा. काकी डाव्या हातानं त्याला उचलून इकडचा तिकडे ठेवायच्या, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

त्याच्या पुढचा चैत्र आला. काठी गल्लीत शिरली, हलगी ऐकू यायला लागली. मी वर गेले आणि म्हटलं, "काकी, चला गॅलरीत. डाव्या हातानं टाका, काय होतंय?"

काकींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता बोलणंही बंद होणार. "डाव्या हातानं?" त्या म्हणाल्या. "देवाला? भाकरी तरी कुणाला डाव्या हातानं वाढतीस का गं तू?"

"मग मी टाकते तुमच्या नावानं."

"तू टाकलास तर तुझा झाला. माझा कसा?" असं म्हणून त्यांनी आपली चालायची काठी उचलली. "मी आत बसतो. दार लाव तेवढं."

मी गॅलरीचं दार लावलं. खाली काठी आली, थांबली, माणसांनी वर बघितलं आणि वाट पाहून पुढे गेली. आण्णा गुलालाचं ताट घेऊन गॅलरीत उभे होते. त्यांनीही टाकला नाही. ताट तसंच घेऊन ते आत आले आणि देवघरात ठेवलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि काकींच्या हट्टाचा रागही आला.

दिवाळी झाली आणि गच्चीवर ठोकाठोक सुरू झाली.

मी जाऊन पाहिलं तर आण्णा बांबूचा सांगाडा बांधत होते. सायकलच्या ट्यूबा कापून त्याला ताणलेल्या, मधे एक आडवी-उभी फिरणारी काठी आणि तिच्या टोकाला काकींची आमटीची मोठी पळी घट्ट बांधलेली. पळी मागे ओढून अडकवायची, पळीत गुलाल-खोबरं ठेवायचं, आणि अडकवलेलं सोडलं की पळी उसळून गुलाल वर. आण्णा त्याला गोफण म्हणत. गोफणीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण मास्तरांना कोण शिकवणार?

"चांगलं आहे की," मी म्हटलं. "दोरी बांधा. काकींनी ओढली की सुटेल."

"दोरीला वढाय लागतंय," आण्णा म्हणाले. "डाव्या हातानं ती वढणार न्हाय. उजव्यात तेवढं बळ न्हाय. एक बोट हलतंय तिचं. हे बघ, एवढं." त्यांनी पेन्सिलीच्या टोकावर अंगठा ठेवून मला माप दाखवलं. ते माप तांदळाच्या दाण्याएवढं होतं. "एवढ्यात ज्ये हुतंय त्येच्यावर गुलाल तुऱ्याला लागला पायजे. बळाचं काम न्हाय, वैशू. बटनाचं हाय."

त्या वेळी पहिल्यांदाच मला ते वाक्य ऐकून हसू आलं नाही. पण हे फार दिवस टिकलं नाही, कारण पुढच्या काही महिन्यांत त्या यंत्रानं माझा जीव नकोसा केला.

पळी अडकवून धरायला आणि बटन दाबताच सोडायला एक विजेची कडी लागत होती. ती आण्णांनी स्वतःच्या दाराची काढली. त्यामुळे जास्वंद दाबली तरी दार उघडेना, आणि महिनाभर त्यांचं दार आतून परकराच्या नाडीनं बांधलेलं असायचं. बॅटरी जुन्या स्कूटरची. वायरी अर्थातच मोरपंखी आणि अबोली. कुठली वायर कडीकडून येते आणि कुठली बॅटरीकडून, हे ओळखायची काही सोय नव्हती, कारण दोन्ही टोकांना एकच रंग असला तर डोळ्याला शांत वाटतं, असं आण्णांचं म्हणणं. तेव्हा बटन दाबलं की काही व्हायचं नाही आणि बोट उचललं की पळी उसळायची.

पहिला खरा प्रयोग झाला त्या दिवशी मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला कुरडया वाळत घातल्या होत्या. आण्णांनी बटन दाबलं. काही झालं नाही. ते पळीपाशी वाकून बघायला गेले, बोट उचललं गेलं, आणि सगळा गुलाल तुऱ्याऐवजी माझ्या कुरडयांवर. गव्हाचा चीक काढून, पहाटेपासून घाटून, पाठ मोडून घातलेल्या कुरडया. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक डोळा मिटून कुरडयांकडे बघितलं आणि म्हणाले, "पांढऱ्यावर गुलाबी लई उठून दिसालंय."

त्या कुरडया झटकून, पुसून मी तळल्या, आणि आजही आमच्या घरी पाहुणे विचारतात की हा कुठला प्रकार.

दुसरा प्रयोग गल्लीच्या दिशेनं झाला. खाली आमचा गवळी म्हैस घेऊन उभा होता. आमच्याकडे संध्याकाळी म्हैस दारात येते आणि दूध समोर पिळून मिळतं, पाणी घातलंय का हा वादच नाही. पळीतला गुलाल सगळा म्हशीच्या पाठीवर पडला. शिंगांपासून शेपटीपर्यंत म्हैस गुलाबी. म्हशीनं मान वळवून स्वतःकडे पाहिलं आणि परत रवंथ सुरू केला. गवळ्यानं वर बघितलं.

"आण्णा," तो म्हणाला, "म्हस सजवायची ती दिवाळीच्या पाडव्याला. तवा बलवतो की तुमास्नी."

"लागलं न्हाय न्हवं तिला?" आण्णांनी विचारलं.

"तिला काय लागतंय? पर आता ही निवडणूक जिंकल्यागत चालणार."

नेम हळूहळू बसला. गुलाल-खोबरं पतंगाच्या पातळ कागदात गुंडाळायचं आणि कागदाला आधीच चिरा पाडून ठेवायच्या, म्हणजे वर गेल्यावर तो फाटतो, ही युक्ती आण्णांना सुचली, आणि ती खरंच नामी होती. अडचण राहिली बटनाची. दारावरच्या बेलचं बटन काकींच्या बोटाला फार कडक. मग आण्णांनी नुसतं बोट टेकलं तरी चालेल असं काहीतरी आणलं. ते इतकं हळवं निघालं की गोफण माशी बसली तरी सुटायची. एकदा आण्णा शिंकले तरी सुटली. आण्णा खूश होते. काकी नव्हत्या.

"माशीनं वाहिलेला गुलाल मला नगं," काकी म्हणाल्या.

"अगं, माशी कुठली? तू बोट ठेवायचं."

"नुसतं ठिवलं आनी झालं? देवाला द्यायचं म्हंजे आपलं काय तर जायाला पायजे की. दाबायचं असंल तर बसतो मी. न्हाय तर काढा ते सगळं आनी माझी पळी द्या."

मला वाटलं, आता आण्णा रुसणार. पण ते उठले, आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या माउसमधून एक बारीक बटन काढून आणलं. हलकं, पण दाबलं की टक् वाजणारं. त्याला लाकडाची छोटी पाटी केली, काकींच्या मांडीवर नीट बसेल अशी. पाटीवर दवण्याची डहाळी रंगवली. आणि या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी वायरी लाल आणि काळ्या आणल्या. त्या पिशवीतून काढताना त्यांचा चेहरा कडू औषध पिणाऱ्या माणसासारखा झाला होता.

मग रोज चहा झाला की गॅलरीत सराव. गोफण आता गच्चीवरून खाली आणून गॅलरीच्या जाळीला बांधलेली, पळीत गुलालाऐवजी चुरमुरे. काकी खुर्चीत, उजवा हात पाटीवर. आण्णा समोर बसून पेन्सिल हातभर धरून त्यांच्या बोटाचं माप घ्यायचे. "काल एवढं हललं हुतं. आज एवढं." काही दिवशी टक् व्हायचं, पळी उसळायची आणि गल्लीवर चुरमुऱ्यांचा पाऊस पडायचा. कावळ्यांना आमची वेळ पाठ झाली होती. काही दिवशी मात्र काकींच्या कपाळावर घाम यायचा, ओठ आवळले जायचे, आणि बोट जागचं हलायचं नाही. आण्णा म्हणायचे, "असूं दे. आज हवा दमट हाय." चैत्रातल्या कोल्हापुरात दमट हवा कुठून येणार? पण काकी मान डोलवायच्या.

जसजशी यात्रा जवळ आली तसे हे न हलण्याचे दिवस वाढत गेले. काकी धसका घेत होत्या, आणि धसक्यानं बोट आणखी आखडत होतं. "न्हाय जमलं तर परत गल्लीत तोंड दावणार न्हाय मी," असं त्या एकदा मला म्हणाल्या, अगदी सहज, भाजी निवडता निवडता. आणि काकी बोलतात ते करतात.

काठीचा दिवस उजाडला. काकींनी हिरवं लुगडं नेसवायला मला बोलावलं. आण्णांनी नवा पांढरा नेहरू शर्ट घातला होता. मी ताट घेऊन बाजूला उभी राहिले. पुडी पळीत ठेवली, पळी मागे ओढून कडीत अडकवली. ही एक गोष्ट हातानंच करावी लागत होती आणि ती मी करत होते.

हलगी जवळ आली, पिपाणी आली, आणि गल्लीच्या वळणावरून तुरा दिसला. दारादारांत थांबत, नाचत काठी आमच्या दारात आली. माझ्या सासूबाईंनी खाली पाणी घातलं. आणि मग सगळ्यांनी वर बघितलं. गवळ्यानं म्हशीला शोभेल अशा आवाजात हाक दिली, "काकी, होऊं द्या."

काकींनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पाटीवर ठेवला, बोट बटनावर आणलं आणि डोळे मिटले.

काही झालं नाही. काठी नाचत होती. दोरीवाले दोऱ्या सांभाळत वर बघत होते. काकींच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, आणि बोट तसंच होतं, मेणाचं असावं तसं. मागून येणाऱ्या दुसऱ्या गल्लीच्या काठीवाल्यांची रेटारेटी सुरू झाली. पुढचे दोन पावलं सरकलेही. आण्णा काकींच्या खुर्चीमागे उभे होते, डावा हात खुर्चीच्या पाठीवर, नजर तुऱ्यावर. त्यांचा एक डोळा मिटलेला होता. ते अंतर मोजत होते.

टक् झालं आणि पळी उसळली. पुडी वर गेली, तुऱ्याच्याही वर, आणि तिथे फाटली. गुलाल ध्वजावर उतरला, काठीवर उतरला, खाली सगळ्यांच्या तोंडावर उतरला, आणि खोबऱ्याचे तुकडे पत्र्यांवर ताडताड वाजले. खाली जो "चांगभलं"चा गजर झाला तो मी आजवर त्या गल्लीत ऐकला नव्हता. काठी धरणारा आमच्या दारात परत फिरून असा नाचला की दोरीवाल्यांची तारांबळ उडाली. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

काकींनी डोळे उघडले. ध्वजाला लागलेला गुलाल त्यांनी नीट बघून घेतला.

"आनी एक टाकायचा?" आण्णांनी विचारलं.

"नगं," काकी म्हणाल्या. "एक बास."

काठी पुढे गेली. आण्णा म्हणाले, "मी चहा टाकतो," आणि वळले, आणि दाराशी अडकले. खिशाला काहीतरी ओढ बसली. पांढऱ्या शर्टाच्या खिशातून एक पांढरी वायर निघत होती, पाठीमागून खुर्चीच्या पायापर्यंत आणि तिथून गोफणीपर्यंत. पांढऱ्यावर पांढरी. इतका वेळ मी शेजारी उभी होते, तरी मला दिसली नव्हती. आण्णांनी गडबडीनं खिशातून एक बारीक बटन काढलं, वायर तोडली आणि मुठीत सगळं लपवून माझ्याकडे पाहिलं. तो पाठांतर न झालेल्या मुलाचा चेहरा होता. मी ताटातला गुलाल सारखा करायला लागले. ते आत गेले.

काकींची पाठ दाराकडे होती. स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "वैशू, माझं बोट हललं न्हाय."

"हललं की काकी. मी बघितलं."

"बोट माझं हाय. मला कळतंय की." त्या हळूच बोलत होत्या, आणि रागानं नव्हे. "त्यांच्या खिशात दुसरं बटन हाय. सकाळी सदरा द्यायला गेलतो, तवा हाताला लागलं."

सकाळपासून माहीत असून ही बाई हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसली होती, आणि माझ्यासमोर इतका घाम गाळून बोट हलवायला बघत होती.

"एक सांग," काकी म्हणाल्या. "तू बाजूला हुतीस. त्यांनी कुठल्या हातानं दाबलं?"

मी आठवलं. डावा हात खुर्चीच्या पाठीवर होता, माझ्या अगदी खांद्याजवळ. तो तिथून हलला नव्हता.

"उजव्या," मी म्हटलं.

काकींनी मान डोलवली. "मग पोचला. घाम माझा, हात त्यांचा," त्या म्हणाल्या, आणि मांडीवर पडलेला खोबऱ्याचा एक तुकडा उचलून मला दिला. "त्यांना सांगू नगंस हां, मला ठावं हाय म्हणून."

आण्णा चहाचा ट्रे घेऊन आले. त्यांनी काकींकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही, गल्लीकडे बघत म्हणाले, "जरा उजवीकडं गेला न्हाय का गं?"

"न्हाय वं, बरोबर गेला," काकी म्हणाल्या. "पर बोट दुखालंय जरा. लई जोरात दाबलं मी."

आण्णांनी ट्रे खाली ठेवला, स्टूल ओढून काकींच्या समोर बसले आणि ते बोट दोन्ही हातांत घेऊन चोळायला लागले.